जुनं मोटारहोम, डिझेल इंजिन आणि १४,८०० डॉलरचं एस्टिमेट – काय करावं?

हायवे_१७:
मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही. आम्ही अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ राहतो. आमच्याकडे २००० सालचं ३६ फुटी डिझेल पुशर आहे, म्हणजे इंजिन मागच्या टोकाला, बेडरूममधल्या पलंगाखाली. चॅसी फ्रेटलायनरची, इंजिन कमिन्स आयएसबी ५.९ लिटर, गिअरबॉक्स अ‍ॅलिसनचा. एक लाख बारा हजार मैल झालेत. सेकंडहँड घेतलं होतं, २६,००० ला.

झालं असं की आय-१७ हायवेवरून फ्लॅगस्टाफला चाललो होतो. ज्यांना तो रस्ता माहीत आहे त्यांना कळेल, कॅम्प व्हर्डे सोडलं की चढ संपतच नाही, साधारण तीन हजार फुटांवरून थेट सात हजारांपर्यंत. मागे छोटी कार टो केलेली, बाहेर ऊन मी म्हणत होतं. आधी पिकअप गेला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी पस्तीसच्या वर जाईना, टेंपरेचर २१८ फॅरनहाइटच्या पुढे सरकलं आणि मग इंजिन एकदम बंद. शोल्डरवर घेतली. परत स्टार्टर मारला तर नुसतं फिरतंय, धूरसुद्धा नाही. दीड-एक तासानं गार झाल्यावर पहिल्याच झटक्याला सुरू झाली, पाच मैल गेली आणि पुन्हा तेच. शेवटी मोठा टो-ट्रक बोलावला.

जवळच्या एका डिझेल शॉपनं दिलेलं एस्टिमेट असं: इंजेक्शन पंप मजुरीसकट ४,२००, सहाही इंजेक्टर ३,१००, रेडिएटर आणि चार्ज एअर कूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा) काढून नवीन ५,९००, तपासणी ६००, बाकी किरकोळ आणि टॅक्स धरून १४,८००. वर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला की एवढ्या जुन्या इंजिनात हे पैसे घालण्यापेक्षा रीमॅन्युफॅक्चर्ड (जुनं खोलून नव्यासारखं केलेलं) इंजिनच टाका, पंचवीस हजारांच्या आसपास जाईल. म्हणजे गाडीची जेवढी किंमत तेवढंच इंजिन!

तपासणीचे पैसे देऊन गाडी टो करून घराजवळच्या स्टोरेज लॉटला आणलीय. बायको म्हणते विकून टाकू. मुलं म्हणतात अजिबात नाही. मला खरंच कळत नाहीये. कोणाला या इंजिनाचा अनुभव आहे का?

ओहायोकर:
आधी एक विचारतो, टो करताना ड्राइव्हशाफ्ट काढला होता ना? या गाड्यांत इंजिन बंद असताना मागची चाकं फिरत राहिली तर अ‍ॅलिसनच्या आतला पंप फिरत नाही, ऑइल मिळत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा घासला जातो. दोन्ही टोइंगला काढला असेल तर ठीक.

बाकी लक्षणं वाचून पहिला संशय व्हीपी४४ वर, म्हणजे तुमच्या इंजेक्शन पंपावरच येतोय, गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू ही त्या पंपाची ओळखच आहे. पण इंजेक्टर का बदलतायत ते समजलं नाही.

हायवे_१७:
हो हो, दोन्ही वेळा ड्रायव्हरनं स्वतःच खाली जाऊन शाफ्ट काढला, ब्रेकला हवा पण त्याच्या ट्रकमधून दिली. माणूस जाणता होता. इंजेक्टरचं विचारलं तर "मायलेज बघता करून घ्या" एवढंच उत्तर.

पाना_आणि_पक्कड:
नमस्कार. मी पुण्याचा, कमिन्सच्या एका डीलरकडे सर्व्हिसला बरीच वर्षं काढली, आता रिटायर्ड. मोटारहोम मी फोटोतच पाहिलंय पण हे इंजिन मी झोपेतसुद्धा खोलू शकतो. बी सिरीज ५.९ म्हणजे आपल्या घरातलंच इंजिन, टाटा आणि कमिन्सनी १९९३ मध्ये भागीदारी करून जमशेदपूरला हेच ५.९ काढलं आणि टाटाच्या ट्रकमधून ते देशभर पळालं. आपल्याकडच्या त्या जुन्या ट्रकांना यांत्रिक पंप, हायवेवरच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला जमायचा. तुमच्याकडे अमेरिकेत १९९८ ला नायट्रोजन ऑक्साइडचे नियम कडक झाले तेव्हा २४ व्हॉल्व्हचं आयएसबी आलं आणि त्यावर बॉशचा व्हीपी४४ हा इलेक्ट्रॉनिक रोटरी पंप बसला. इंजिन तेच दणकट, पण पंप नाजूक.

आता नीट लक्ष द्या. व्हीपी४४ डिझेलवरच गार होतो आणि डिझेलवरच त्याचं वंगण होतं, वेगळं ऑइल नाही. म्हणून त्याला गरजेपेक्षा बरंच जास्त डिझेल मिळावं लागतं, जास्तीचं आतून फिरून, उष्णता घेऊन परत टाकीत जातं. ते देण्याचं काम लिफ्ट पंपाचं. लिफ्ट पंप कमजोर झाला, फिल्टर चोक झाला किंवा सक्शन लाइनमध्ये हवा शिरली की व्हीपी४४ उपाशी राहतो, आतला रोटर घासतो, डोक्यावरचं इलेक्ट्रॉनिक्स तापतं आणि चढावर, जिथे सगळ्यात जास्त डिझेल लागतं, तिथेच मान टाकतो. व्हीपी४४ आपणहून क्वचित मरतो, त्याला मारणारा दुसराच असतो.

तुमच्या एस्टिमेटमध्ये मला लिफ्ट पंपाचं नाव दिसलं नाही. प्रेशर किती आलं ते लिहिलंय का? नसेल तर त्यांनी मेलेला पंप पाहिला, मारणारा शोधलाच नाही. नवीन पंप त्याच लाइनवर लावला तर तोही जाणार, आणि तेव्हा दुसरे ४,२०० तुमच्याच खिशातून.

हायवे_१७:
काका, रिपोर्ट आत्ता पुन्हा वाचला. प्रेशरचा आकडा कुठेच नाही. "इंजेक्शन पंप फॉल्ट कोड, रिप्लेस" एवढंच आहे. डिझेलची टाकी पुढे आहे, ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला, इंजिन मागे. मधे लाइन केवढी लांब असेल विचार करा.

ओहायोकर:
तीच तर गोम आहे. पिकअप ट्रकमध्ये टाकी ते इंजिन अंतर थोडं. पुशरमध्ये पंचवीस-तीस फूट रबरी होज, आणि तुमची गाडी २००० ची म्हणजे ते रबरही तेवढंच जुनं. त्यात २००६ पासून इकडे अल्ट्रा लो सल्फर डिझेल आलं, त्याआधीच्या डिझेलवर फुगून बसलेले जुने सील नंतर आक्रसून गळायला लागल्याचे किस्से बऱ्याच जणांकडून ऐकलेत. सक्शन साइडची गंमत अशी की लाइनला बारीक चीर गेली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. जमिनीवर एक थेंब दिसणार नाही. उसाच्या रसाच्या स्ट्रॉला वर भोक पडलं की कितीही ओढा, तोंडात फेसच येतो, तसं.

कॅलिफोर्निया_कोकणी:
माझ्या मते विका. मी पण असंच जुनं पुशर ठेवलं होतं, इंजिन झालं की सस्पेन्शनची एअरबॅग, एअरबॅग झाली की जनरेटर, संपतच नाही. शिवाय टायर. २२.५ इंची सहा टायर, वर नक्षी कितीही छान दिसली तरी सात-आठ वर्षांनी वयानंच बदलायला लागतात नाहीतर हायवेवर फुटतो आणि चाकाच्या वरची अख्खी बॉडी फाडून नेतो. आणि आमच्या कॅलिफोर्नियात रजिस्टर केलेली १४,००० पौंडांच्या वरची डिझेल मोटारहोम आता क्लीन ट्रक चेकमध्ये येतात, धुराची टेस्ट करून घ्यायची, फी भरायची. मी पेट्रोलवालं छोटं घेतलं आणि शांत आहे.

टेक्सासची_ताई:
@कॅलिफोर्निया_कोकणी तुमचं म्हणणं पटतं पण बंद पडलेलं पुशर विकायला काढलं तर कोण किती देणार? सुरू नसलेल्या गाडीला लोक भंगाराचा भाव सांगतात. विकायची असली तरी आधी चालू करावी लागणार.

आमच्याकडे पण जुनं डिझेल आहे, आम्ही दोघं मिळून सगळी कामं करतो त्यामुळे थोडं लिहिते. निर्णय इंजिनावरून घेऊ नका, घरावरून घ्या. ५.९ दुरुस्त होतं, पार्ट मिळतात, माणसं मिळतात. पण छत गळून भिंतींच्या आतलं लाकूड कुजलं असेल, बाहेरचं फायबरग्लास फुगून सुटायला लागलं असेल तर ते आटोक्यात येत नाही. शिडी लावून वर चढा, छतावरच्या प्रत्येक व्हेंटच्या, एसीच्या कडेचं सीलंट बघा. आतून कपाटांचे वरचे कोपरे, खिडक्यांच्या खालची बाजू अंगठ्यानं दाबून बघा. मऊ लागलं तर विका. टणक असेल तर माझं मत आहे की ठेवा, कारण आज नवीन डिझेल पुशर घ्यायचं म्हटलं तर किमती कुठे पोचल्यात ते तुम्ही पाहिलंच असेल. आणि २००७ च्या आधीच्या इंजिनाला धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर नाही, २०१० नंतरच्यांना लागतं ते डीईएफ (धूर स्वच्छ करायला वापरायचं युरियाचं द्रव) नाही, त्या सेन्सरपायी रस्त्यात अडकलेले लोक आम्ही कॅम्पग्राउंडवर बघतो. तुमच्या गाडीत तो प्रकारच नाही, ही फार मोठी जमेची बाजू आहे.

हायवे_१७:
ताई, आज सकाळी उन्हाच्या आत वर चढलो. छत चांगलं आहे, मागच्या एसीच्या कडेला सीलंट तडकलंय तेवढं करून घेतो. आतले कोपरे सगळे टणक. बायको पण बरोबर होती, तिनंच बाथरूममधलं कपाट रिकामं करून आतून दाबून पाहिलं. आता तीसुद्धा म्हणतेय की चौकशी तरी पूर्ण करू.

पाना_आणि_पक्कड:
छान. आता मी सांगतो त्या क्रमानं करा, खर्च फार नाही.

पहिलं, फिल्टर ते व्हीपी४४ मधल्या लाइनवर प्रेशर गेज लावा. या पंपावर काम करणाऱ्यांचा ठोकताळा असा की लोडवर असतानाही १० पीएसआयच्या खाली जाऊ नये. दुसरं, लिफ्ट पंपाच्या आधी सक्शन लाइनमध्ये फूटभर पारदर्शक, डिझेलला चालणारा होज घाला आणि इंजिन सुरू करून बघा. डिझेल काचेसारखं स्वच्छ जायला पाहिजे. बुडबुडे दिसले की चोर सापडला. तिसरं, गाडीची टाकी बाजूला ठेवून इंजिनाशेजारी स्वच्छ डिझेलचा कॅन ठेवा आणि लिफ्ट पंपाला थेट त्यातून द्या. बुडबुडे गेले तर दोष टाकीपासूनच्या लाइनमध्ये. तरीही गरम झाल्यावर बंद पडली तर पंपही गेलाय हे नक्की.

इंजेक्टरचं म्हणाल तर आयडलला एकेका सिलिंडरची लाइन नट सैल करून बघतात, आवाज बदलला, इंजिन अडखळलं तर तो इंजेक्टर काम करतोय. पण हे तुम्ही स्वतः करू नका. त्या लाइनमधलं प्रेशर एवढं असतं की बारीक धार कातडीतून आत घुसते, दिसताना टाचणीएवढी जखम आणि बोट कापायची वेळ येते. मेकॅनिककडून करून घ्या.

आणि पूर्ण इंजिन बदला म्हणणाऱ्याला विचारा की कशावरून? ऑइल फिलरची टोपी काढल्यावर भकाभका धूर येतो का, ऑइल किती खातंय, ऑइलचं सँपल लॅबला पाठवलं का? हे काहीच नसेल तर एक लाख बारा हजार मैल म्हणजे या इंजिनाचं तारुण्य आहे. एक मात्र बघून घ्या. ब्लॉकवर कास्टिंग नंबर ५३ असेल तर त्या ब्लॉकची पाण्याच्या जॅकेटची भिंत पातळ असते, काहींना चीर जाऊन कूलंट झिरपतं. कूलंट कमी होतंय का? ५.९ ला वेगळा लायनर नसतो, बोअर थेट ब्लॉकमध्ये, त्यामुळे ब्लॉक गेला तर गोष्ट वेगळी.

हायवे_१७:
कूलंट जिथल्या तिथे आहे. ऑइल दोन चेंजच्या मधे टॉप-अपसुद्धा लागत नाही. ५३ चं बघतो.

मुसाफिर_नाशिक:
वाचतोय, फारच माहितीपूर्ण. इकडे महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन टुरिझमची पॉलिसी आली तेव्हापासून माझ्या डोक्यात फोर्सच्या ट्रॅव्हलर व्हॅनवर कॅरॅव्हॅन करून घ्यायचं आहे. आपल्याकडे पण हे असे खर्च येतील का?

पाना_आणि_पक्कड:
@मुसाफिर_नाशिक ट्रॅव्हलरचं इंजिन पुढे, टाकी जवळ, पार्ट तालुक्याच्या गावाला मिळतात आणि मजुरी तिकडच्या मानानं काहीच नाही. जुनी घेतलीत तरी असं संकट येणार नाही. वेगळा धागा काढा, तिथे बोलू, इथे यांचं काम होऊ दे.

ओहायोकर:
रेडिएटरबद्दल राहिलंच. ५,९०० देऊ नका, आधी धुवा. मागे रेडिएटर असलेल्या पुशरमध्ये हा ठरलेला रोग आहे. इंजिनाच्या क्रँककेसची एक ब्रीदर नळी खाली उघडी सोडलेली असते, तिच्यातून ऑइलची बारीक वाफ येते, फॅन ती ओढून कूलरच्या जाळीवर मारतो, त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि दोन-चार वर्षांत लिंपल्यासारखा थर होतो. बाहेरून बघाल तर जाळी स्वच्छ दिसते, थर फॅनच्या बाजूला असतो. पलंगाखालचं झाकण उघडून बॅटरीनं बघा.

डिग्रीजर अ‍ॅल्युमिनियमला चालणारा घ्या, भिजवून ठेवा, मग साध्या पाइपच्या पाण्यानं दोन्ही बाजूंनी धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर पातळ फिन वाकून कायमची बंद होतील. पाणी काळं यायचं थांबेपर्यंत धुवायचं. आणि ती ब्रीदर नळी होज जोडून फॅनच्या मागे, खाली नेऊन सोडा, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा तेच.

चढावर गाडी मोठ्या गिअरमध्ये रखडत नेऊ नका. स्वतःच खालचा गिअर टाकून आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवा. फॅन आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनाच्या वेगानं फिरतात, वेग कमी म्हणजे हवा कमी, पाणी कमी. पस्तीसनं चढली तर चढू दे, मागचे लोक वाट बघतील. आय-१५ वर बेकरच्या चढाला पाट्याच लावल्यात एसी बंद करा म्हणून.

हायवे_१७:
अपडेट. एका स्वतंत्र डिझेल मेकॅनिकला बोलावलं, लॉटवर येऊन काम करतो, आयुष्यभर ट्रक केलेला माणूस आहे. काकांचा क्रम त्याला वाचून दाखवला, तो म्हणाला मी पण हेच करणार होतो.

प्रेशर आयडलला ६, रेस केल्यावर जवळजवळ शून्य. पारदर्शक होज लावला आणि मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला, डिझेल कसलं, सोडा वॉटर वाहतंय असं वाटावं इतके बुडबुडे. कॅनमधून दिलं तर दहा सेकंदांत स्वच्छ झालं. पण अर्ध्या तासानं इंजिन नीट तापलं आणि बंद पडलं ते पडलंच, गरम असताना सुरू होईना. म्हणजे लाइन फुटलेली आणि तिनं पंप मारलेला, दोन्ही. नंतर खाली झोपून त्यानं होज काढत आणला, मधल्या क्रॉसमेंबरच्या वरून वळण घेतो तिथे होज उलटा वाकवल्यावर रबरात नखाएवढ्या चिराच चिरा. हातात घेतल्यावर काळी पूड लागत होती.

इंजेक्टर सहाही चालू आहेत. रेडिएटरचा आतला थर पाहून मात्र आम्ही सगळेच गप्प झालो, पुठ्ठ्यासारखा सोलून निघत होता. ब्लॉकवर ५३ नाही.

पाना_आणि_पक्कड:
उत्तम काम केलंत. आता पंप बसवतानाच्या दोन गोष्टी त्याला माहीत असतीलच, तरी सांगा. पंपाच्या शाफ्टच्या खाचेत जी छोटी धातूची चावी (key) असते तिच्यावर नंबर असतो आणि ती त्या पंपाशी जुळवलेली असते. नवीन पंपाबरोबर येईल तीच घालायची, जुनी नाही, नाहीतर टायमिंग चुकतं. आणि शाफ्टचा नट आणि वॉशर काढताना गिअर केसच्या आत पडू द्यायचा नाही, खाली चिंधी कोंबून ठेवायची. तो आत पडला तर पुढचं सगळं कव्हर खोलावं लागतं. होज टाकी ते फिल्टर एका वेळी सगळा बदला, तुकडा जोडू नका. लिफ्ट पंप जमलं तर टाकीजवळ घ्या, पंपाला ढकलणं सोपं जातं, लांबून ओढणं जड जातं.

टेक्सासची_ताई:
आणि ड्रायव्हरसमोर फ्युएल प्रेशरचं गेज कायमचं बसवून घ्या. आमच्याकडे आहे, माझं लक्ष स्पीडपेक्षा जास्त त्याच्यावर असतं. प्रेशर उतरायला लागलं की फिल्टर बदलायचा, पंप वाचतो.

हायवे_१७:
झालं सगळं! हिशोब देतो, कोणाच्या उपयोगी पडेल. रीमॅन्युफॅक्चर्ड व्हीपी४४, जुना पंप परत दिल्यावर १,६५०. होज, क्लँप, फिटिंग ३८०. लिफ्ट पंप २९०, टाकीजवळ बसवला. मजुरी १,९००. एकूण ४,२२०. पहिल्या शॉपला दिलेले ६०० वेगळे. रेडिएटर आम्ही बापलेकांनी धुतला, संध्याकाळपर्यंत लागला, मुलगा पलंगाखाली आणि मी बाहेर. ब्रीदर नळी लांब केली. गेज ताईंनी सांगितल्याप्रमाणे डॅशवर लावलं, आयडलला १४ दाखवतंय.

काल पुन्हा त्याच चढावर नेली, कार मागे जोडूनच. मुद्दाम भर दुपारी. खालच्या गिअरमध्ये, २,२०० आरपीएमला. टेंपरेचर २०० च्या वर गेलं नाही, प्रेशर ११ च्या खाली आलं नाही. वर पोचल्यावर इंजिन बंद केलं, वीस मिनिटं थांबलो आणि गरम असतानाच स्टार्टर मारला, लगेच सुरू. काका, तुम्हाला पुण्यात आलो की भेटायलाच येणार. ओहायोकर आणि ताई, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. बायकोनं फॉल कलर्ससाठी कोलोरॅडोचा बेत आखायला घेतलाय.

ओहायोकर:
जबरदस्त! कोलोरॅडोला आय-७० नं जाणार असाल तर आयझेनहॉवर टनेल ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे हवा विरळ, तेव्हा चढताना गेजवर लक्ष ठेवा आणि उतरताना एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानं वेग रोखणारा) आधीपासून लावा, गिअर वरूनच खालचा घेऊन ठेवा. निघायच्या आधी त्या एअर ब्रेकचे स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकची ढील नीट ठेवणारे) बघून घेतलेत का?

हायवे_१७:
नाही घेतले. शनिवारी त्याच मेकॅनिकला बोलावतो.